अदृश्य अक्षरांनी बिघडलेली फाईल: काय ठेवायचे, काय बदलायचे, काय पुसायचे

दोन्ही रकान्यांत ‘कळमना’ असेच दिसते, तरी एक्सेलचे जुळणी शोधणारे सूत्र, व्हीलुकअप, जुळत नाही म्हणते. काट्यावरून आलेले वजन पडद्यावर ठीक दिसते, पण बेरीज शून्य येते. फाईल आयात करताना सॉफ्टवेअर निम्म्या ओळींवरच थांबते आणि वर ‘यशस्वी’ असा संदेश देते. बहुतेक वेळा या तिन्हींच्या मुळाशी मजकुरात शिरलेली, डोळ्यांना न दिसणारी अक्षरे असतात.

नागपुरात धर्मकाट्यांच्या केबिनमध्ये, अडत्यांकडे, दवाबाजारात आणि सीएंच्या ऑफिसांत काम करणारे डेटा ऑपरेटर यावर एकच उपाय मागतात: सगळा कचरा एका फटक्यात काढणारे सूत्र. तसे सूत्र सहज मिळते, आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करते. न दिसणारे प्रत्येक अक्षर कचरा नसते. काही अक्षरांमुळे दोन माहित्या वेगळ्या राहतात. काहींच्या आधारावर मराठीतला ‘ऱ्य’ उभा असतो. आणि काही वेळा जे कंट्रोल कॅरेक्टर वाटते, तो मराठी अक्षराचाच एक तुकडा असतो. म्हणून आधी पाहायचे, मग ओळखायचे, आणि पुसायचा विचार सगळ्यांत शेवटी करायचा.

ओळखीपुरती माहिती एवढी पुरे. ॲस्की या संगणकाच्या जुन्या अक्षरतक्त्यात १२८ जागा आहेत. त्यांतल्या ० ते ३१ आणि १२७ या ३३ जागांवर अक्षरे नाहीत, हुकूम आहेत: ओळ संपली, संदेश सुरू झाला, घंटी वाजव, थांब. पुढे १२८ ते १५९ या आणखी ३२ जागा त्याच कामासाठी राखल्या गेल्या. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा आजचा अक्षरतक्ता, या ६५ जणांनाच कंट्रोल कॅरेक्टर म्हणते. न तुटणारी मोकळी जागा म्हणजे क्रमांक १६०, किंवा शून्य रुंदीचे जोडक, हेही डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते कंट्रोल कॅरेक्टर नव्हेत. त्यांच्यावरचा इलाज वेगळा आहे.

तयारी

मूळ फाईलची प्रत काढा आणि मूळ फाईल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ही पायरी गाळणाऱ्याला परतीचा रस्ता राहत नाही, कारण पुसलेले अदृश्य अक्षर नेमके कुठे होते हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

वहीत चार गोष्टी लिहून काढा: फाईल कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघाली, एकूण नोंदी किती, वजनाची किंवा रकमेची एकूण बेरीज किती, आणि मराठी मजकूर आहे की नाही. नोंदी आणि बेरीज फाईल पाठवणाऱ्याकडून फोनवर विचारून घ्या. स्वतःच्या पडद्यावरचा आकडा मूळ आकडा धरू नका.

साधने दोनच लागतात. पहिले नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोडसारखे मजकूर संपादक, आणि दुसरे फाईलमधली प्रत्येक बाइट, म्हणजे ० ते २५५ यांतला एक क्रमांक, दाखवणारे हेक्स व्ह्यूअर. विंडोजमध्ये पॉवरशेलची फॉरमॅट-हेक्स ही आज्ञाही चालते. पुढे सूत्रांची आणि आज्ञांची नावे उच्चारानुसार दिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

सावधान: सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या मजकूर फाईलवर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल सुरुवातीचे शून्य गाळते, १५ अंकांनंतरचे अंक शून्य करते आणि एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये कोणत्या पद्धतीने लिहिली आहेत याचा, स्वतःच अंदाज बांधते. अशी फाईल एकदा जतन झाली की मूळ दोष आणि एक्सेलने घातलेला दोष वेगळे करता येत नाहीत.

टप्पा १: एन्कोडिंग ठरवा

कंट्रोल कॅरेक्टर शोधण्याआधी हे ठरलेच पाहिजे. एन्कोडिंग चुकले तर चांगला मजकूरही कंट्रोल कॅरेक्टरांनी भरलेला दिसतो.

तीन खुणा पुरतात. मराठीच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला छोटा रोमन ‘ए’ आणि त्यामागे चार टोकांचे गोल चलनचिन्ह, असे जोडपे पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर फाईल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत आहे आणि उघडणारा प्रोग्रॅम तिला विंडोज-१२५२ या जुन्या रोमन पद्धतीतली समजतो आहे. फाईल ठीक आहे, वाचन चुकते आहे. यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा.

प्रत्येक इंग्रजी अक्षरामागे ‘एनयूएल’, म्हणजे क्रमांक ०, दिसत असेल, तर ती यूटीएफ-१६ आहे. एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून जतन केलेली फाईल अशीच असते. इथे एक फसवी गोष्ट होते. मराठीला लागणाऱ्या देवनागरी अक्षरांच्या जागा सोळाच्या पायात ०९०० ते ०९७एफ यांच्यात आहेत, त्यामुळे यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येक मराठी अक्षराची एक बाइट ०९ असते, आणि ०९ म्हणजे टॅब. चुकीच्या पद्धतीने उघडल्यावर फाईलमध्ये हजारो टॅब आणि एनयूएल दिसतात. लोक ते पुसतात आणि सगळा मराठी मजकूर घालवून बसतात. इथे काही पुसायचे नाही. यूटीएफ-१६ म्हणून उघडायचे आणि यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करायचे, काम संपले.

तिसरी खूण जुन्या, बिगर-युनिकोड मराठी फॉन्टांची. फॉन्ट लावला की मराठी दिसते, काढला की रोमन अक्षरांची खिचडी उरते. अशा फॉन्टांत काही मराठी अवयव १२८ च्या पुढच्या जागांवर बसवलेले असतात. साफसफाई आधी केली तर मात्रा आणि अर्धी अक्षरे जातात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग साफसफाई.

सावधान: १२८ ते १५९ या क्रमांकांच्या ‘बाइट’ कधीही पुसू नका. पुसायचीच असतील तर त्या क्रमांकांची ‘अक्षरे’ पुसा, आणि तीही एन्कोडिंग ठरल्यावर. यूटीएफ-८ मध्ये ‘नागपूर’ या शब्दातल्या ‘ग’ची शेवटची बाइट १५१ आहे आणि दीर्घ उकाराची १३०. दोन्ही त्याच पट्ट्यात पडतात. बाइटवर झाडू फिरवला की ‘नागपूर’मधला ‘ग’ही जातो आणि ‘ू’ही. हलन्ताची शेवटची बाइट १४१ आहे. ही जागा विंडोज-१२५२ मध्ये रिकामी आहे, म्हणून चुकीच्या एन्कोडिंगने जतन करताना काही प्रोग्रॅम तिथे प्रश्नचिन्ह टाकतात आणि जोडाक्षरे कायमची मोडतात.

तपासा: ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रीकृष्ण’, ‘शेतकऱ्यांना’ यांसारखे जोडाक्षरांचे चार-पाच शब्द फाईलमध्ये शोधून ते नीट दिसतात ना, हे पाहा. दिसत नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २: अदृश्य ते दृश्य करा

नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो सिम्बॉल’ आणि त्यात ‘शो ऑल कॅरेक्टर्स’ निवडा. ओळीच्या शेवटी काळ्या चौकटीत ‘सीआर’ आणि ‘एलएफ’ दिसू लागतील, टॅबच्या जागी बाण येईल, आणि इतर कंट्रोल कॅरेक्टर आपापल्या लघुनावाने उभी राहतील.

फाईलचा पहिला पडदा, मधला एखादा भाग आणि शेवटचा पडदा पाहा. सुरुवातीला बीओएम असू शकतो, म्हणजे फाईल यूटीएफ-८ असल्याची खूण सांगणाऱ्या ईएफ, बीबी, बीएफ या तीन बाइट. त्यामुळे पहिल्या रकान्याचे नाव बरोबर दिसूनही जुळत नाही. एक्सेलचा ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय बीओएम घालतो. फाईल पुन्हा एक्सेलमध्येच जाणार असेल तर तो राहू द्या. त्याच्यामुळेच एक्सेलला मराठी ओळखता येते. दुसऱ्या सॉफ्टवेअरला जाणार असेल तर ‘बीओएमविना यूटीएफ-८’ निवडून जतन करा.

शेवटी क्रमांक २६ असू शकतो, म्हणजे ‘एसयूबी’ किंवा कंट्रोल-झेड. डॉसच्या काळात तो फाईल संपल्याची खूण होता. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर कॉपी आज्ञेने दोन-तीन फाईली अधिकच्या चिन्हाने जोडल्या की ती आज्ञा आजही शेवटी २६ घालते. अशा जोडलेल्या फाईलीला नंतर आणखी मजकूर चिकटवला की २६ मधोमध येतो, आणि टेक्स्ट मोडमध्ये वाचणारे काही प्रोग्रॅम तिथेच वाचन थांबवतात, चूकही दाखवत नाहीत. महिन्याच्या फाईली जोडून वर्षाची फाईल केली आणि अर्धेच वर्ष आयात झाले, या तक्रारीत आधी २६ शोधा. फाईली जोडताना स्लॅश-बी हा पर्याय लावला की तो येतच नाही.

टप्पा ३: प्रत्येकाचे काम ओळखा

कोणती अक्षरे सापडली याची यादी करा आणि प्रत्येकासमोर ‘ठेवा’, ‘बदला’ किंवा ‘पुसा’ असे लिहा. लिहिल्याशिवाय काही पुसायचे नाही.

९, १० आणि १३, म्हणजे टॅब, एलएफ आणि सीआर, यांना या टप्प्यात हात लावू नका. १० आणि १३ यांच्यासाठी टप्पा ५ राखला आहे.

२८ ते ३१ हे चारही विभाजक आहेत, आणि यांत २९ म्हणजे ‘जीएस’ सर्वांत महत्त्वाचा. गांधीबाग-गंजीपेठेकडच्या औषधांच्या ठोक व्यवहारात स्कॅनर लावणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. जीएस-१ पद्धतीच्या द्विमितीय बारकोडमध्ये ०१ या खुणेनंतर उत्पादनाचा क्रमांक येतो, तो नेमका १४ अंकी. १७ नंतर मुदत येते, नेमकी ६ अंकी. पण १० नंतरचा बॅच क्रमांक २० अक्षरांपर्यंत कितीही लांब असू शकतो, आणि तो कुठे संपला हे फक्त २९ सांगतो. तो पुसला की बॅच क्रमांकाला पुढच्या खुणेचे आकडे चिकटतात. तयार झालेला क्रमांक खराच वाटतो, आणि परत मागवलेल्या बॅचच्या यादीत तो कधीच सापडत नाही. औषधाच्या बाबतीत हे फार गंभीर आहे. म्हणून २९ ला उभ्या दांडीसारख्या दिसणाऱ्या चिन्हात बदला, त्यावरून रकाने वेगळे करा, आणि मगच ते चिन्ह काढा.

२७ म्हणजे ‘एस्केप’. तो एकटा कधीच नसतो, त्यामागची एक-दोन अक्षरे त्याच्याच हुकुमाचा भाग असतात. अडतीत आणि काट्यांवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आजही चालतात. प्रिंटरसाठी तयार झालेली फाईल तशीच उचलली तर त्यात २७ नंतर रोमन ‘ई’ म्हणजे ठळक सुरू आणि २७ नंतर ‘एफ’ म्हणजे ठळक बंद, असे हुकूम असतात. फक्त २७ पुसला की प्रत्येक बेरजेपुढे ‘ई’ आणि मागे ‘एफ’ उरतो, आणि तो आकडा आता आकडा राहत नाही. पूर्ण जोडी शोधून काढा. त्याच फाईलीतले १५ आणि १८, बारीक अक्षरे सुरू आणि बंद, हे मात्र एकटे हुकूम आहेत. ते निर्धास्त पुसा. १२ म्हणजे नवे पान, त्याच्या जागी नवी ओळ घाला.

११ म्हणजे उभा टॅब. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये शिफ्ट-एंटर दाबून केलेली ओळ चिकटवताना बरेचदा ११ होऊन येते. तो दोन शब्दांच्या मध्ये असतो, म्हणून पुसायचा नाही, मोकळ्या जागेत बदलायचा.

०, ७, ८ आणि १२७ हे मजकुराच्या फाईलीत बहुधा खरेच निरुपयोगी असतात. फक्त ० टप्पा १ मधल्या यूटीएफ-१६ मुळे आलेला नाही, याची खात्री असू द्या. ० कडे दुर्लक्ष करून फाईल पुढे ढकलूही नका. पोस्टग्रेससारखा डेटाबेस मजकुराच्या रकान्यात तो स्वीकारतच नाही.

२, ३, ५, ६, २१ यांपैकी काही दिसले तर थांबा. ते मजकुरात चुकून आलेले नाहीत. काटा, स्कॅनर किंवा यंत्र यांच्याशी होणारे संभाषण तसेच फाईलीत सांडले आहे. फाईल साफ करून भागणार नाही, उद्या पुन्हा तेच होईल.

टप्पा ४: काट्याकडून येणारा डेटा मुळाशी तपासा

फाईल यंत्रातून येत नसेल तर हा टप्पा सोडून द्या. कळमन्याच्या बाजारात किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत काट्याला संगणक जोडलेला असेल, तर सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. इथली चूक शेतकऱ्याच्या पट्टीवर उतरते.

पहिले काम, वजनाचे सॉफ्टवेअर बंद करा. विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम वापरू शकतो. मग हेक्स दाखवणारा सीरियल टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, काट्यावर माहीत असलेले वजन ठेवा आणि काय येते ते पाहा.

बॉड (पाठवण्याचा वेग), डेटा बिट (एका अक्षराच्या बिट) आणि पॅरिटी (चूक पकडायची जादा बिट) हे इंडिकेटरच्या, म्हणजे काट्याच्या वजन दाखवणाऱ्या यंत्राच्या, पुस्तिकेप्रमाणेच लावा. पॅरिटी चुकल्याची एक पक्की खूण आहे. यंत्र सात बिट आणि सम पॅरिटीवर पाठवत असेल आणि संगणक आठ बिट, पॅरिटीविना वाचत असेल, तर ०, ३, ५, ६, ९ हे अंक बरोबर येतात आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी विचित्र चिन्हे येतात. पहिल्या गटातल्या अंकांमध्ये एक या बिटची संख्या सम आहे, दुसऱ्यात विषम, म्हणून आठवी बिट तिथे चढते. त्याच कारणाने १३ हा १४१ होऊन येतो आणि २ हा १३० होतो. त्यामुळे सॉफ्टवेअरला ना सुरुवात सापडते ना शेवट. ‘काही गाड्यांचे वजन येते, काहींचे येत नाही’ ही तक्रार ऐकली की केबल बदलण्याआधी पॅरिटी पाहा.

केबलही पाहायची, पण नंतर. काटा आणि संगणक जोडणारी आरएस-२३२ ची तार सर्वसाधारणपणे १५ मीटरपर्यंतच भरवशाची धरतात. काट्यापासून केबिन लांब असेल आणि तार मोटरच्या वायरीशेजारून नेली असेल, तर मध्येच उपटसुंभ अक्षरे येणारच. तिथे लांब अंतराची आरएस-४८५ जोडणी लावा. येणारी अक्षरे सॉफ्टवेअरमध्ये गाळत बसण्यात अर्थ नाही, कारण ज्या गोंगाटाने एक जादा अक्षर येते त्याच गोंगाटाने एखादा अंकही बदलतो.

आता चौकट तपासा. बरीच यंत्रे २ म्हणजे ‘एसटीएक्स’ने सुरुवात करतात, मग चिन्ह, वजनाचे ठरावीक अंक, एकक, आणि शेवटी ३ म्हणजे ‘ईटीएक्स’ किंवा १३ आणि १०. रचना पुस्तिकेत असते, ती शब्दशः पाळा. सॉफ्टवेअर लिहून घेताना किंवा तपासताना या अटी ठेवा:

१. २ आल्याशिवाय काहीही वजन म्हणून धरायचे नाही.
२. ३ येईपर्यंत आलेले तुकडे साठवायचे. एका वाचनात पूर्ण संदेश येईल असे गृहीत धरायचे नाही.
३. मधल्या अंकांची संख्या ठरल्याइतकीच असली पाहिजे. कमी-जास्त असेल तर तो संदेश टाकून द्यायचा, दुरुस्त करायचा नाही.
४. यंत्र चेकसम, म्हणजे संदेशाच्या बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा, देत असेल तर तो मोजायचाच. तो कोणत्या बाइटपासून कोणत्या बाइटपर्यंत मोजायचा, हे पुस्तिकेत पाहायचे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ‘ठरावीक वेळाने पोर्टवर जे असेल ते उचल आणि कंट्रोल कॅरेक्टर काढून टाक’ असा प्रोग्रॅम. वाचन संदेशाच्या मधोमध सुरू झाले की १२४८० मधला पहिला १ आधीच निघून गेलेला असतो. उरते २४८०. तेही वजनच दिसते, त्यात एकही विचित्र अक्षर नाही, आणि कोणतीही साफसफाई ते पकडू शकत नाही. ते पकडायचे पहिले साधन म्हणजे सुरुवातीचा २, आणि तो तर प्रोग्रॅमने आधीच पुसलेला असतो.

सावधान: एक्सऑन-एक्सऑफ हा सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल यंत्र मागत नसेल तर बंद ठेवा. तो चालू असताना १७ आणि १९ यांना पोर्ट ‘चालू’ आणि ‘थांब’ समजतो. गोंगाटातून एक १९ आला तरी संगणकाकडून जाणारे पाठवणे थांबते. जे यंत्र ५ पाठवून वजन विचारल्यावरच उत्तर देते, ते मग मुके झाल्यासारखे वाटते.

तपासा: लहान, मध्यम आणि मोठे अशी तीन माहीत वजने ठेवून काट्याचा पडदा, टर्मिनल आणि सॉफ्टवेअर तिन्ही जुळतात ना ते पाहा. वजनांत ० ते ९ सगळे अंक येतील असे पाहा.

टप्पा ५: ओळींचे शेवट, आणि त्यांचा क्रम

विंडोजमध्ये ओळ १३ आणि १० या जोडीने संपते, लिनक्समध्ये फक्त १० ने. एक्सेलमधून विंडोजवर निघालेल्या सीएसव्हीत ओळीचा शेवट जोडीने असतो, पण खान्याच्या आत ऑल्ट-एंटर दाबून केलेली ओळ फक्त १० असते. पत्त्यांच्या रकान्यात हे हमखास सापडते: दुकानाचे नाव, खाली ‘इतवारी’, खाली ‘नागपूर’.

इथे क्रम उलटा झाला की फाईल हातची जाते. आधीच सगळ्या जोड्यांचा १० केला, तर खान्यातला १० आणि ओळीच्या शेवटचा १० यांत फरक उरत नाही. म्हणून, ओळींचे शेवट जोडीने असलेल्या फाईलीत:

१. आधी सुटे १०, म्हणजे ज्यांच्या आधी १३ नाही ते, मोकळ्या जागेत किंवा स्वल्पविराम-मोकळी जागा यांत बदला. स्वल्पविराम वापरायचा असेल तर तो खाना अवतरणात आहे याची खात्री करा.
२. मग गरज असेल तर १३-१० या जोडीचा १० करा.
३. त्यानंतरही सुटा १३ उरला असेल तर तो कुठून आला ते पाहून ठरवा.

१३ आणि १० दोघांनाही वेगवेगळे नव्या ओळीत बदलले की प्रत्येक नोंदीखाली एक रिकामी ओळ येते. ही चूक निदान दिसते तरी. पहिली दिसत नाही.

तपासा: नोंदींची संख्या वहीतल्या संख्येशी जुळवा. ओळींची नव्हे, नोंदींची.

एक्सेलच्या फाईलीतून दुसऱ्या सॉफ्टवेअरने काढलेल्या मजकुरात कधी अंडरस्कोर, एक्स, तीन शून्ये, डी, अंडरस्कोर असे उघड लिहिलेले दिसते. तो १३ च आहे, एक्सेलने आपल्या फाईलीत तसा नोंदवलेला. तो साध्या शोधा-बदला पद्धतीने काढता येतो.

टप्पा ६: आता पुसा

नोटपॅड प्लस प्लसमध्ये शोध-बदल खिडकीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ निवडा. चौकोनी कंसात सोळाच्या पायातले हे क्रमांक द्या, प्रत्येकापुढे बॅकस्लॅश-एक्स लावून: ०० ते ०८, ०बी, ०सी, ०ई ते १एफ, आणि ७एफ. यात ०९, ०ए, ०डी नाहीत, हे मुद्दाम आहे. ‘सगळे बदला’ दाबण्याआधी ‘मोजा’ दाबा आणि आकडा यादीशी ताडून पाहा. यादीत ‘बदला’ लिहिलेली अक्षरे आधीच बदललेली असली पाहिजेत.

एक्सेलमध्येच काम करायचे असेल तर सूत्रांचा क्रम आतून बाहेर असा: आधी सब्स्टिट्यूट, मग क्लीन, शेवटी ट्रिम. क्लीन ० ते ३१ काढते, पण त्यांच्या जागी काही ठेवत नाही. क्लीन आधी लावले की ‘इतवारी’ आणि खालचे ‘नागपूर’ यांचे ‘इतवारीनागपूर’ होते. म्हणून कॅर १० ला सब्स्टिट्यूटने मोकळी जागा द्या. क्रमांक १६० क्लीनलाही दिसत नाही आणि ट्रिमलाही. वेबपानावरून चिकटवलेल्या नावांत तो असतोच. युनिकॅर १६० ला मोकळ्या जागेत बदला, आणि मगच ट्रिम लावा. युनिकोड आणि युनिकॅर ही सूत्रे एक्सेल २०१३ पासून आहेत. खान्यातले संशयित अक्षर ओळखायला मिड आणि युनिकोड ही जोडी लावली की नेमका क्रमांक मिळतो.

फाईल हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी एक्सएमएलमध्ये जाणार असेल तर आणखी एक अट आहे. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या फक्त ९, १० आणि १३ ला परवानगी आहे. बाकी कोणताही क्रमांक थेट तर चालत नाहीच, पण अँपरसँड, हॅश, क्रमांक, अर्धविराम अशा लिखित रूपातही चालत नाही. काही सॉफ्टवेअर असे लिखित रूप बाहेर काढतात. ‘शो ऑल कॅरेक्टर्स’मध्ये ते चौकटीत दिसत नाही, साधा मजकूर वाटतो. ते वेगळे शोधावे लागते.

टप्पा ७: मराठी मजकुरातले शून्य-रुंदीचे जोडक

इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार सूत्रांत ८२०३, ८२०४, ८२०५ आणि ६५२७९ हे चारही क्रमांक एकत्र उडवलेले असतात. इंग्रजी यादीला ते चालते. मराठीला चालत नाही.

८२०५ हा जोडक आहे. ‘शेतकऱ्यांना’, ‘व्यापाऱ्यांची’, ‘दऱ्या’ यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून. दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि ८२०५. दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारातला ८२०५ पुसला की ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होते, रफार ‘य’च्या डोक्यावर चढतो. नागपुरात एकाच यादीत मराठी आणि हिंदी नोंदी असतात, वेगवेगळ्या कीबोर्डवरून केलेल्या, त्यामुळे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी सापडतात आणि त्याच कारणाने नावे जुळत नाहीत.

उपाय पुसण्यात नाही, एकरूप करण्यात आहे. २३५२, २३८१, ८२०५ हा क्रम सगळीकडे २३५३, २३८१ मध्ये बदला. यानंतर जे ८२०५ उरतील ते एकेक पाहा. ‘अॅ’सारख्या जुन्या पद्धतीच्या लेखनात आणि अर्धे अक्षर मुद्दाम मोकळे दाखवण्यासाठी ते वापरलेले असतात. ८२०४ हलन्त उघडा ठेवतो, जसे ‘वाङ्‌मय’ या शब्दात. मजकूर छापायचा असेल तर तो ठेवा. फक्त नावे जुळवायची असतील तर जुळवणीसाठी वेगळा रकाना करून तिथे काढा, मूळ रकान्यात नको.

८२०३ ही शून्य रुंदीची मोकळी जागा आहे. तिच्यावर मराठीचे काही अवलंबून नाही, ती काढा. ६५२७९ फाईलीच्या सुरुवातीला असेल तर बीओएम, मध्ये असेल तर फाईली जोडताना आलेला. मधला काढा.

तपासा: साफसफाईच्या आधी आणि नंतर ‘ऱ्या’ किती वेळा सापडतो ते मोजा. आधी दोन्ही प्रकारांची बेरीज घ्या, नंतर एकाची. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. ‘र्या’ही मोजा. तो वाढला असेल तर मूळ प्रतीकडे परत जा. ‘सूर्या’, ‘कार्यालय’ अशा शब्दांत तो मुळातच असतो, म्हणून शून्य येण्याची अपेक्षा ठेवू नका, संख्या तीच राहिली पाहिजे.

टप्पा ८: फाईल पुढे देण्याआधी

नोंदींची संख्या आणि एकूण बेरीज वहीतल्या आकड्यांशी जुळवा. बारकोडच्या रकान्यात लांबी तपासा. उत्पादन क्रमांक १४ अंकी नसेल तर विभाजनात चूक आहे. फाईल बंद करून पुन्हा उघडा, ‘शो ऑल कॅरेक्टर्स’ लावा आणि तोच शोध पुन्हा चालवा. आता मोजणी शून्य यायला हवी.

फाईल पाठवताना सोबत एका ओळीत एन्कोडिंग, बीओएम आहे की नाही, ओळीचा शेवट कोणता आणि रकान्यांचा विभाजक कोणता, हे लिहून द्या. घेणाऱ्याला अंदाज बांधायला लावले की तो डबल-क्लिक करतो.

आणि जिथून अक्षर आले तिथे जाऊन बंदोबस्त करा. स्कॅनर प्रत्येक स्कॅननंतर टॅब पाठवतो की एंटर, हे त्याच्या पुस्तिकेतल्या सेटिंग बारकोडने ठरवा. पत्त्याच्या खान्यात ऑल्ट-एंटर न वापरता पेठ, भाग आणि शहर यांना वेगळे रकाने द्या. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून दिलेल्या संदेशांची वेगळी नोंद ठेवायला सांगा, आणि आठवड्यातून एकदा ती उघडून पाहा. ती वाढत असेल तर तार किंवा पोर्ट बिघडायला लागला आहे, आणि हंगामात गाड्यांची रांग लागण्याआधी तो बदलून घ्या.